तिसरीचा पत्ता

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "हीका तिसरी म्हणतत, मगे पयली नि दुसरी खय गेली?" आजी आडाळ्यावर तिसऱ्या फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पयली तुझ्या आवशीन खाल्ल्यान, दुसरी बापाशीन. तिसरी तुका. आता गप बस." उत्तर पटण्यासारखं होतं, कारण रात्री तिसरी खरंच माझ्या पानात पडली. पुढची तीसेक वर्षं तिच्याबद्दल आणखी काही विचारावं असं मला वाटलं नाही.

मग एकदा रत्नागिरीत मत्स्यशास्त्राच्या एका अभ्यासकांशी बोलताना मी बढाई मारली, की आमच्या मालवणकडच्या तिसरीची चव तुमच्याकडच्या तिसरीला नाही. त्यांनी विचारलं, "कुठली तिसरी?" मला प्रश्नच कळेना. तिसरी म्हणजे तिसरी. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बाजारात घेऊन गेले. एका मावशीकडून एक वाटा घेतला, घरी येऊन पेपरवर ओतला आणि बोलता बोलता त्याचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगातले शिंपले तिकोनी, गुळगुळीत, तेल लावल्यासारखे चकचकीत. दुसऱ्यातले फुगीर, अंगावर पुसट नक्षी असलेले. तिसऱ्या ढिगातले लांबट-गोल, पिवळट तपकिरी. ते म्हणाले, "आता डोळे मिटा आणि चोचीपासून कडेपर्यंत नख ओढा." पहिल्या ढिगातल्या शिंपल्यावरून नख घसरलं. तिसऱ्या ढिगातल्या शिंपल्यावर ते कंगव्याच्या दातांवरून ओढल्यासारखं करकरत गेलं. एकाच वाट्यात तीन वेगळ्या जातींचे जीव होते, आणि ते तीनही आमच्या घरात एकाच नावाने, एकाच टोपात, एकाच वाटपात शिजत आले होते.

या पुस्तकाचा विषय तो करकरणारा ढीग आहे. तिसरीतली तिसरी म्हणा हवं तर.

तिच्या नावाची गोष्ट आधी उरकून टाकतो. शास्त्राच्या पुस्तकांत ती बरीच वर्षं 'पॅफिया मलबारिका' या नावाने राहिली, आणि मासेमारीच्या अहवालांत अजूनही तेच नाव चालतं. पॅफिया हे ग्रीकांच्या ॲफ्रोडाइटी या सौंदर्यदेवतेचं क्षेत्रावरून पडलेलं नाव. सायप्रस बेटावरचं पॅफोस हे तिचं ठाणं. 'तुळजापूरची' म्हटलं की आपल्याला पुढे देवीचं नाव घ्यावं लागत नाही, तसंच ते. ज्या कुळात हे शिंपले येतात त्या कुळालाच व्हीनसचं नाव आहे. मलबारिका म्हणजे अर्थातच मलबारची. पण प्राण्यांच्या नामकरणात आधी आलेल्या वैध नावाचा मान मोठा. योहान फ्रीडरिश ग्मेलिन या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७९१ मध्येच या शिंपल्याला 'व्हीनस गॅलस' म्हणून नोंदवलं होतं, त्यामुळे आज तिचं अधिकृत नाव 'प्रोटेपिस गॅलस' असं लिहितात. लॅटिनमध्ये गॅलस म्हणजे कोंबडा. देवी गेली, मलबार गेला आणि तिसरीच्या वाट्याला कोंबडा आला. कोकणातल्या जेवणावळीत या दोघांची गाठ पडते खरी, पण ती अशी नव्हे. हे नाव वाचकाच्या गळी उतरवण्याची माझी इच्छा नाही. या पुस्तकात मी तिला तिसरीच म्हटलं आहे. जिथे भावंडांपासून वेगळी काढावी लागली तिथे 'रेघांची तिसरी' असा शब्द वापरला आहे. तो माझा आहे, बाजारात कोणी म्हणत नाही.

आता पत्ता.

तिसरी कुठे राहते, या प्रश्नाला सगळे 'खाडीत' असं उत्तर देतात, आणि ते 'मुंबईत राहतो' म्हणण्याइतकंच उपयोगी आहे. खाडी ही एक जागा नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, नदीच्या पाण्यात जवळजवळ नसतंच, आणि खाडी म्हणजे या दोन टोकांमधला उतार. हा उतार दिवसातून दोनदा भरतीबरोबर आत सरकतो आणि ओहोटीबरोबर बाहेर येतो. त्यावर प्रत्येक शिंपल्याने आपापली पायरी धरलेली असते. गोव्यात ज्यांना खुबे म्हणतात ते काळपट, जाड कवचाचे शिंपले बरेच आत, गोड्या पाण्याच्या शेजारी सुखाने नांदतात. गुळगुळीत तिसऱ्या मधल्या टप्प्यात. रेघांची तिसरी खाडीच्या तोंडाकडे, जिथे पाणी वर्षातले निदान आठ महिने समुद्राइतकंच खारट असतं, पण लाटांचा मार पुळणीने अडवलेला असतो आणि तळाला वाळूत थोडा गाळ मिसळलेला असतो. रत्नागिरीजवळ काळबादेवी, शिरगाव आणि भाट्ये या खाड्यांमध्ये ती आहे, गोव्यात शापोरासारख्या नद्यांच्या मुखांशी आहे, कर्नाटकात मुल्कीला आहे. तिचं सर्वांत मोठं आणि सर्वांत अभ्यासलेलं ठाणं मात्र केरळात, कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरात. तिथेही ती सरोवरभर पसरलेली नाही. नीण्डकरा इथे सरोवर समुद्राला मिळतं, त्या तोंडाच्या आसपासच तिचा मुक्काम. थोडक्यात, तिचा पत्ता लिहायचा तर गावाचं नाव पुरत नाही, पाण्याची चवही लिहावी लागते.

त्या जागेवरही ती किती खोल राहते, हे तिच्या अंगानेच ठरवलेलं आहे. इंग्रजीत तिला आखूड मानेची म्हणतात. तिला मान नाही, डोकंच नाही. ज्याला मान म्हणतात त्या दोन नळ्या आहेत. वाळूत गाडून घेतलेली तिसरी या नळ्या वर काढते. एकीने पाणी आत घेते, कल्ल्यांवर गाळते, त्यातले सूक्ष्म जीव आणि कण ठेवून घेते आणि उरलेलं पाणी दुसरीने सोडून देते. श्वास आणि जेवण दोन्ही याच वाटेने. नळ्या आखूड म्हणून घर उथळ. खोल गेली तर वरच्या पाण्यापर्यंत नळी पोचणार नाही. म्हणून ती वाळूत चार बोटांच्या आतच असते, आणि म्हणूनच बायकांच्या पायाच्या अंगठ्याला सापडते.

या पत्त्यात एक मोठी गैरसोय आहे, ती म्हणजे आपला पावसाळा. मेच्या अखेरीस खाडीच्या तोंडाशी पाणी समुद्रासारखं खारट असतं. जूनमध्ये सह्याद्रीवरून लाल पाणी सुटतं आणि काही दिवसांत तेच तोंड गोडं होऊन जातं. मासे निघून जाऊ शकतात. तिसरी जाणार कुठे? ती दोन शिंपा घट्ट मिटून घेते आणि वाट बघते. भरतीबरोबर थोडं खारं पाणी तळाशी आलं तर उघडते, नाही तर बंद. काही दिवस हे निभतं. पाऊस लांबला, पूर जोराचा आला, वर गाळाचा थर बसला की ढिगांनी मरतात. ऑगस्टमध्ये कधी खाडीच्या तोंडाशी गेलात तर काठावर रिकाम्या, पण अजून सांध्याला जोडलेल्या शिंपा फुलपाखराच्या पंखांसारख्या उघड्या पडलेल्या दिसतात. ते त्या वर्षीचे पावसाळ्याचे बळी. त्यातून ज्या वाचतात त्यांच्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पाऊस ओसरून पाण्यात पुन्हा मीठ भरू लागलं की नर-मादी आपापली बीजं पाण्यात सोडतात. हा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो. फलन उघड्या पाण्यातच होतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू काही दिवस पाण्यात पोहत, वाहत राहतं. मग त्याला शिंपला फुटतो, वजन येतं आणि ते तळाला बसतं. चुकीच्या तळावर बसलं तर संपलं. बरोबर वाळू मिळाली तर वर्षभरात तीन सेंटिमीटरच्या पुढे वाढतं.

हे सगळं मी पुस्तकांतून आणि अभ्यासकांकडून शिकलो, आणि शिकता शिकता दर वेळी मला आजीचं स्वयंपाकघर आठवत गेलं. आजीला तिसऱ्यांबद्दल काही नियम होते. ती कारणं द्यायची नाही. आमच्या घरी तिसऱ्या आल्या की त्यांच्याबरोबर कळशीभर खाडीचं पाणीही येई. तिसऱ्या त्या पाण्यात रात्रभर राहत. सकाळी टोपाच्या तळाशी वाळूचा थर जमलेला असे. पुढे आम्ही मुंबईला आलो. आईने बाजारातून तिसऱ्या आणल्या, नळाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी जेवताना प्रत्येक घासाला दाताखाली वाळू. आजी गावाहून आली तेव्हा तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मीठ नाय घातलंस? मगे ती तोंड कित्याक उघडतली?" त्या वाक्यात वर लिहिलेला सगळा परिच्छेद आहे. गोड्या पाण्यात पडलेल्या तिसरीला आषाढ लागल्यासारखं वाटतं. ती मिटते, आणि पोटातली वाळू पोटातच ठेवते. खारं पाणी मिळालं की तिला आपला पत्ता सापडतो. नळ्या बाहेर येतात आणि वाळू पडते.

दुसरा नियम. शिजवण्याआधी जी तोंड वासून पडली असेल तिला टिचकी मारायची. मिटली तर ठेवायची, नाही मिटली तर टाकायची. शिंपल्याच्या दोन शिंपा मागच्या बाजूला रबरासारख्या एका सांध्याने जोडलेल्या असतात, आणि त्या सांध्याची ओढ सतत उघडण्याकडे असते. मिटून ठेवायचं काम आतले दोन स्नायू करतात. म्हणजे मिटणं हे जिवंतपणाचं काम आहे, उघडायला काहीच करावं लागत नाही. मेलेली तिसरी आपोआप उघडते. टोपात वाफ लागल्यावर उघडते तीही याचमुळे, कारण उष्णतेने स्नायूंची पकड सुटते. एकशिपी करताना आपण एक शिंप फेकतो आणि दुसरीवर मांस ठेवतो. ते शिंपेला दोन ठिकाणी धरून बसलेलं असतं, तेच हे स्नायू. पुढच्या वेळी मांस खाऊन झाल्यावर रिकामी शिंप उजेडात धरून पाहा. दोन्ही बाजूंना दोन पुसट गोल ठसे दिसतील. त्यांना जोडणारी एक रेघ दिसेल आणि तिला एका बाजूने आत घुसलेली एक यू आकाराची खाच. नळ्या आत ओढून घेतल्यावर त्या जिथे मावतात ती जागा ही.

तिसरी गोष्ट नियमाची नाही, भीतीची आहे. ताजी तिसरी फोडताना कधी कधी आतून सुईएवढी, पारदर्शक, लवचीक काडी बाहेर येते. आमच्याकडे कित्येक घरांत 'जंत लागलाहा' म्हणून अख्खी तिसरी टाकून देतात. तो जंत नव्हे. ती तिच्याच पोटातली पचनाची काडी आहे. पोटात ती फिरत राहते, आणि फिरता फिरता तिच्यातून पाचक रस सुटतात, गाळून आलेले कण ढवळले जातात. उखळ-मुसळाचं काम करणारी, हळूहळू झिजून पुन्हा तयार होणारी ही काचेची काडी मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहिली त्या दिवशी या पुस्तकाचा निर्णय झाला, असं म्हटलं तरी चालेल. इतकी वर्षं ज्याला मी तोंडीलावणं समजत होतो त्याच्या पोटात एवढी करामत आहे, ही थोडी शरमेची बाब होती.

आजीच्या नियमांचं कौतुक करताना एक सावधगिरीही सांगायला हवी, कारण तिच्या नियमांत ती नव्हती. जे पाणी येईल ते गाळायचं, हा तिसरीचा धर्म. पाण्यात विष असेल तर तेही गाळलं जातं आणि अंगात साठतं. १९८३ मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळे इथे खाडीतले शिंपले खाऊन लोक आजारी पडले आणि एक मुलगा दगावला. ते रेघांच्या तिसरीचे भाऊबंद होते, गुळगुळीत जातीतले. विष एका सूक्ष्म, एकपेशीय जिवाचं होतं. तो पाण्यात अफाट वाढला आणि शिंपल्यांनी तो नेहमीप्रमाणे गाळून खाल्ला. शिंपल्यांना त्याचं काही वाटत नाही. हे विष उकळून जात नाही, मसाल्याने मरत नाही, आणि चवीला कळत नाही. आपल्याकडे असे प्रसंग विरळा आहेत, पण पाण्याचा रंग विचित्र दिसला किंवा खाडीत मासे मरून वर आले, की तिथल्या तिसऱ्या खाऊ नयेत. शहरांच्या सांडपाण्याशेजारच्या तिसऱ्यांबद्दल तर वेगळं सांगायला नकोच.

आता काढणाऱ्यांकडे वळतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खोल जाते, आणि आमच्या किनाऱ्यावर ती पहाटे आणि संध्याकाळी पडते. आमच्या खाडीच्या तोंडाशी त्या वेळी दहा-पंधरा बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या दिसतात. हात पाण्याखाली, नजर भलतीकडेच, गप्पा चाललेल्या. प्रत्येकीच्या कमरेला दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पाण्यावर तरंगणारा ॲल्युमिनियमचा टोप. काम पायांचं चालू असतं. टाच रोवून बोटांनी वाळू चाळवायची, काही टणक लागलं की अंगठ्याने ओळखायचं दगड की तिसरी, आणि तिसरी असेल तर वाकून काढायची. वाळू नुकतीच उघडी पडलेली असेल तर वाकून दोन जवळजवळची बारीक भोकं शोधायची, त्याखाली ती असते. मी एकदा अडीच तास हे करून पाहिलं. माझ्या टोपात अकरा तिसऱ्या आणि एक चप्पल. शेजारच्या काकींचा टोप भरत आला होता. त्यांनी माझ्या टोपात डोकावून बघितलं, काही बोलल्या नाहीत, आणि जाताना दोन मुठी तिसऱ्या त्यात टाकून गेल्या.

या कामाची नोंद कुठे होते, हे शोधायला मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. समोरच्या गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "बोटीचा नंबर?" बोट नाही म्हटल्यावर, "मग जाळं कुठलं?" जाळंही नाही. पाय, म्हटलं. ते हसले, मीही हसलो, पण अडचण तिथेच होती. जिथे बोट नाही, जाळं नाही, बंदर नाही, तिथे मासेमारी आहे हे कागदाला पटत नाही. शिवाय हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि त्यातला बराच माल आठवड्याच्या बाजारात वाट्यांनी विकला जातो. त्याची पावती नसते.

याचा एक परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांना वाढायला, विणीला सवड मिळावी म्हणून. ही बंदी आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की 'श्रावण संपला, आता बिनघोर खा' असा हिशोब आपण सगळ्याच बाबतीत लावतो. तिसरीला तो लागू पडत नाही. एक तर तिला काढायला बोट लागत नाही, म्हणून बंदीचा तिच्याशी संबंध नाही. आणि असता तरी उपयोग नव्हता, कारण तिचा विणीचा हंगाम पावसाळ्यानंतर, नेमका आपण मनसोक्त खातो त्या थंडीच्या महिन्यांत पडतो. पावसाळा तिला मारतो, आणि त्यातून जी वाचते ती अंडी घालायच्या आत टोपात जाते.

असं होऊ नये म्हणून काय करता येतं, हे अष्टमुडीने दाखवलं. तिथे हिला मंजक्कक्का, म्हणजे पिवळी कक्का म्हणतात. १९८० च्या दशकात तिचं मांस परदेशी जाऊ लागलं, काढणी वाढली, आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन घसरलं. तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ आणि मच्छीमार एकत्र बसले आणि नियम ठरले. डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद. जाळ्याचं भोक निदान ३० मिलिमीटर, म्हणजे बारीक तिसऱ्या खाली गळून जाव्यात. निर्यातीच्या मांसात किलोमागे १४०० पेक्षा जास्त नग नकोत, म्हणजे लहान माल कोणी उचलू नये. हा शेवटचा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण तो पाण्यात पहारा ठेवत नाही, तराजूवर ठेवतो. २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलने या मासेमारीला शाश्वततेचं प्रमाणपत्र दिलं. असं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिलीच. बोटींचे ताफे असलेल्या बंदरांना जे साधलं नव्हतं ते शिंपले काढणाऱ्यांनी साधलं.

ही गोष्ट इथेच संपवली असती तर पुस्तक सुखान्त झालं असतं. पण पुढे अष्टमुडीत दक्षिण अमेरिकेतून आलेला एक परका शिंपला, चारू मसल, झपाट्याने पसरला. तो तळावर चादरीसारखा दाट बसतो आणि देशी शिंपल्यांना जागा ठेवत नाही. पिवळ्या कक्केचं उत्पादन पुन्हा कोसळलं. २०२५ च्या सुरुवातीला त्याच संशोधन संस्थेने विळिंजमच्या आपल्या केंद्रात वाढवलेलं तिसऱ्यांचं ३० लाख बीज अष्टमुडीत सोडलं. नियम पाळूनही संकट येतं, हे खरं आहे. पण बीज कुठे सोडायचं, कुठल्या खारटपणाला, कुठल्या वाळूत, कधी, हे त्यांना ठाऊक होतं, ते आधीच्या तीन-चार दशकांच्या नोंदींमुळे. आपल्या खाड्यांच्या नोंदी नाहीत असं नाही. रत्नागिरीच्या खाड्यांतल्या शिंपल्यांवर १९७० च्या दशकापासून, आणि गोव्यात मांडवी-झुआरीच्या तिसऱ्यांवरही साधारण तेव्हापासून चांगलं संशोधन झालेलं आहे. ते इंग्रजी नियतकालिकांत पडून आहे. वाळू उपसणारे पंप खाडीत उतरतात तेव्हा ते कोणाच्याही खिशात नसतं. वाळू उपसली की तळ खोल होतो, गाळ उडतो, आणि चार बोटं खोलीवर राहणाऱ्या जिवाचं घर वाळूच्या ट्रकमधून निघून जातं. त्या ट्रकची मात्र पावती असते.

पुस्तक मी दोन भागांत लिहिलं आहे. पहिला खाडीचा, दुसरा स्वयंपाकघराचा. लिहिताना ते वेगळे राहिले नाहीत. पहिल्या भागात आमटी शिरली आणि दुसऱ्यात मिठाचं प्रमाण. मी ते तसंच ठेवलं. मध्ये काही पानं केवळ रिकाम्या शिंपांबद्दल आहेत, मुलांनी करून बघावीत अशी. चोच वर आणि सांधा आपल्याकडे करून शिंपला धरला तर डाव्या हाताला येते ती त्याची डावी शिंप. चोचीजवळ कडा तासलेलं गोल गरगरीत भोक दिसलं तर ते लाटेने पडलेलं नव्हे. वाळूतल्या एका गुळगुळीत शंखाने ते पोखरून आतली तिसरी खाल्लेली असते. लहानपणी आम्ही अशाच शिंपा वेचून माळा ओवायचो. आयतं भोक कोण पाडून ठेवतं, हे कधी मनात आलं नाही.

ज्या बायकांनी मला पाण्यात उभं करून शिकवलं त्यांची नावं आणि जागा पुस्तकात नाहीत. आभाराच्या पानावर नाव देतो म्हटल्यावर काकी म्हणाल्या, "नाव छापलंस तर उद्या सगळी माझ्या जाग्यार येतली." त्यांचं म्हणणं मी मान्य केलं आहे. आजीचं नावही नाही. ती असती तर म्हणाली असती की तिसऱ्यांवर पुस्तक लिहिण्यापेक्षा चार तिसऱ्या धड फोडायला शीक.

वाचकाकडे एक मागणं आहे, आणि ते पुस्तक वाचून होईपर्यंत थांबण्यासारखं नाही. रेघांची तिसरी साधारण दोन सेंटिमीटरची झाली की वयात येते. बाजारात वाटा घेताना अंगठ्याचं वरचं पेर शिंपल्याशेजारी ठेवून बघा. पेराहून लहान तिसऱ्या वाट्यात जास्त दिसल्या तर तो वाटा घेऊ नका, आणि का घेत नाही ते मावशींना सांगा. घासाघीस मात्र करू नका. मोठ्या तिसऱ्यांचा वाटा त्या सांगतील त्या भावाने घ्या.